बँक कायम शॉर्ट, किक थोडक्यात हुकलेली: नक्की बिघडतंय कुठे?

पूल खेळणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते. बॉल टेबलाच्या मधोमध अडकलाय, सरळ पॉकेट दिसत नाही, म्हणून समोरच्या लांब कुशनवर (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीवर) मारून आपल्याच बाजूच्या मधल्या पॉकेटात आणायचा. डायमंड, म्हणजे टेबलाच्या लाकडी कडेवरच्या खुणा, मोजले, कोन पटला, मारला. बॉल परत आला आणि पॉकेटच्या चार बोटं अलीकडे कुशनला टेकून बसला. पुढच्या वेळी नेम चार बोटं पुढे सरकवला, तर तो पॉकेट ओलांडून पार पलीकडे. तिसऱ्यांदा अंदाजपंचे मारायचा. पडला तर "बघ, जमलं", नाही पडला तर टेबलाच्या मालकाचा उद्धार.

ठाण्यात वर्तकनगरकडच्या एका बेसमेंटमधल्या पार्लरमध्ये मी हे दोन वर्षं केलं. ऐरोलीहून ऑफिस सुटलं की सरळ तिकडे. आरशाची पद्धत पाठ होती, डायमंडची गणितं पाठ होती, आणि तरी बँक पडायची ती नशिबाने. शेवटी तिथल्या मार्करकाकांनी (टेबलं सांभाळणाऱ्या काकांनी) एका संध्याकाळी माझ्या हातातली क्यू काढून घेतली आणि म्हणाले, "अरे, तू दर वेळी दोन गोष्टी बदलतोस. नेमपण आणि जोरपण. मग चूक कुणाची, कळणार कसं?" पुढे जे लिहितोय ते त्या वाक्याभोवतीच आहे.

शब्द आधी स्पष्ट करू, कारण पार्लरागणिक बदलतात. बँक म्हणजे रंगीत बॉल कुशनवर मारून पॉकेटात घालणं. स्नूकरवाले त्यालाच डबल म्हणतात. किक म्हणजे आधी व्हाईट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) कुशनवर आणि मग बॉलवर, जेव्हा आपण स्नूकर झालेले असतो, म्हणजे सरळ वाट अडलेली असते तेव्हा. बॉल कुशनवरून हवा त्यापेक्षा सरळ परत आला आणि पॉकेटच्या अलीकडे लागला तर शॉर्ट. फाकून पलीकडे गेला तर लाँग. बँक चुकली की "चुकली" म्हणून सोडू नका. शॉर्ट की लाँग ते मोठ्याने बोला. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, पण अर्धं निदान तिथेच होतं.

नेम कशावर धरताय?

सगळ्यात जास्त बँका मी इथे घालवल्या, आणि मला सांगितलं नसतं तर अजून घालवत राहिलो असतो.

डायमंड लाकडात असतो. बॉल आपटतो तो कुशनच्या नाकावर, म्हणजे रबराच्या पुढे आलेल्या धारेवर. नियमातल्या टेबलाला डायमंडचं केंद्र नाकापासून ३ पूर्णांक ११/१६ इंच मागे असतं. शिवाय आपण ज्या रेषेचा विचार करतो ती बॉलच्या केंद्राची, आणि बॉल कुशनला टेकतो तेव्हा त्याचं केंद्र नाकाच्या सव्वा इंचाहून थोडं कमी अलीकडे असतं (बॉलचा व्यास सव्वादोन इंच, त्याचा अर्धा). दोन्ही मिळून सुमारे ४.८ इंचांचा फरक. कुशनवर काटकोनात मारणार असाल तर त्याने काही बिघडत नाही. तिरकं मारताना बिघडतं.

आठ फुटी टेबल घ्या. खेळण्याची जागा ८८ बाय ४४ इंच, दोन डायमंडमध्ये ११ इंच. बॉल रुंदीच्या बरोबर मध्यावर आहे, कोपऱ्यापासून पहिल्या डायमंडच्या रेषेत. मधलं पॉकेट चौथ्या खुणेवर, म्हणजे बॉलपासून तीन डायमंड लांब. बॉलपासून कुशनपर्यंत अर्धी रुंदी, कुशनपासून पॉकेटपर्यंत पूर्ण रुंदी, प्रमाण एकास दोन. म्हणून तीन डायमंडचे भाग १ आणि २ असे पाडायचे, बॉल कुशनला दुसऱ्या डायमंडसमोर लागला पाहिजे. इथपर्यंत सगळे बरोबर असतात.

आता तुम्ही नेम दुसऱ्या डायमंडच्या ठिपक्यावरच धरलात, तर बॉल त्या ठिपक्याकडे जाता जाता आधीच कुशनला लागतो, साधारण दोन इंच अलीकडे. कोनही थोडा सरळ झालेला असतो. परत येईपर्यंत हा फरक वाढत जातो आणि बॉल मधल्या पॉकेटच्या केंद्रापासून सहा इंच अलीकडे पोचतो. मधल्या पॉकेटचं तोंड नियमाने ५ ते ५ पूर्णांक १/८ इंच. म्हणजे सगळं अगदी बिनचूक मारूनही बॉल पडणं शक्यच नाही. तीच माझी चार बोटं.

उपाय साधा. डायमंडवरून काटकोनात पुढे या, नाकासमोर बॉल टेकलेला डोळ्यापुढे आणा आणि त्या बॉलच्या केंद्रावर नेम धरा. सुरुवातीला मी जुन्या तिकिटाचा कपटा दुमडून कुशनच्या कडेवर ठेवायचो. काकांनी त्याला नाव ठेवलं "नवसाचा धागा".

आरशाची पद्धत आवडणाऱ्यांसाठी तेच दुसऱ्या शब्दांत. कुशन म्हणजे आरसा धरलात तर पॉकेटचं प्रतिबिंब पलीकडे तेवढ्याच अंतरावर पडतं. पण आरसा नाकावर लावायचा नसतो. लावायचा तो नाकाच्या अलीकडे, बॉलच्या केंद्राच्या रेषेवर. आठ फुटी टेबलावर मग प्रतिबिंबातलं मधलं पॉकेट समोरच्या नाकापासून सुमारे तीन फूट पाच इंचांवर येतं. आमच्याकडे तिथे एक लाल प्लास्टिकची खुर्ची असते. मी महिनाभर त्या खुर्चीच्या डाव्या हातावर नेम धरून बँका मारल्या आणि चांगल्या पडत होत्या. मग एके दिवशी शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी खुर्ची ओढून नेली आणि माझा फॉर्म गेला.

चुकीची दुरुस्ती

आता सुरुवातीच्या गोष्टीतला दुसरा शॉट. चार बोटं म्हणजे हिशेबापुरतं चार इंच धरू. बॉल चार इंच अलीकडे आला म्हणून मी नेम चार इंच पुढे नेला, आणि बॉल पार पलीकडे गेला. का?

कारण कुशनवरचा एक इंच पॉकेटपाशी एक इंच राहत नाही. वरच्या उदाहरणात बॉल कुशनपर्यंत एक भाग जातो आणि तिथून पॉकेटपर्यंत दोन भाग, एकूण तीन. कुशनवर नेम एक इंच हलवला की पॉकेटपाशी तीन इंच हलतो. चार इंच हलवलात म्हणजे बारा. चार इंचांची तूट भरून वर आठ इंच लाँग. म्हणजे चार इंचांची चूक असेल तर कुशनवर सरकवायचं फक्त सव्वा ते दीड इंच. बॉल एका कुशनला चिकटलेला असेल आणि समोरच्या कुशनवरून परत आणायचा असेल तर दोन्ही अंतरं सारखी, तेव्हा चुकीच्या निम्मं सरकवायचं. बॉल समोरच्या कुशनच्या जवळ असेल तर आणखी कमी, चौथा-पाचवा हिस्सा.

शॉर्ट, लाँग, शॉर्ट, लाँग असा झोका ज्यांचा चाललेला असतो त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार एवढाच असतो. दुरुस्ती योग्य दिशेला करतात, पण तिप्पट करतात.

नेम बरोबर, तरी फरक पडतोय: जोर बघा

आपण बहुतेक जण कॅरमवर वाढलो. चाळीत, गॅलरीत, बल्ब लावून, बोरिक पावडर टाकून. तिथे रिबाउंड मारताना कोन डोळ्यात बसलेला असतो, जेवढ्याने गेला तेवढ्याने आला, आणि बऱ्यापैकी तसंच घडतं. सोंगटी सपाट आहे, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत घसरतच जाते. पूलचा बॉल वाटेत स्वभाव बदलतो. निघतो घसरत आणि मग कापडाच्या घर्षणाने गरगरत पुढे जायला लागतो. कुशनला लागताना तो घसरत होता की गरगरत होता, यावर परतीचा कोन ठरतो.

गरगरत आलेल्या बॉलची पुढे फिरण्याची गती कुशनला लागली म्हणून लगेच संपत नाही. परत फिरल्यावरही तो काही क्षण कुशनच्या दिशेनेच फिरत असतो. त्यामुळे बाहेर येण्याचा वेग कमी होतो, कुशनला समांतर जाण्याचा तेवढा कमी होत नाही, आणि वाट वाकून लाँग जाते. घसरत आलेल्या बॉलला ही ओढ नसते. उलट रबराचं घर्षण त्याचा बाजूचा वेग खातं आणि तो सरळ परततो. शिवाय जोरात मारल्यावर रबर जास्त दबतं, तेही शॉर्टच्या बाजूला ढकलतं. म्हणून पार्लरमध्ये म्हणतात, जोरात मारला की शॉर्ट, हळू मारला की लाँग.

आकडे बघितले की हे अंगावर येतं. नेहमीच्या कापडावर सेकंदाला एक मीटर वेगाने निघालेला बॉल १२-१३ सेंटीमीटर घसरतो आणि मग गरगरायला लागतो. वेग दुप्पट केला तर घसरण्याचं अंतर चौपट होतं, म्हणजे सुमारे अर्धा मीटर. तिप्पट केला तर नऊपट, मीटरच्याही वर. आपल्या उदाहरणात बॉलपासून कुशनपर्यंत काटकोनातलं अंतर ५३ सेंटीमीटर आहे, तिरक्या रेषेने साधारण ६०. हळू मारलात तर तो केव्हाच गरगरत असतो. मध्यम मारलात तर कुशनच्या थोडं आधी गरगरायला लागतो. जोरात मारलात तर घसरतच आपटतो. त्याच जागेवरून, त्याच नेमाने, तीन वेगळ्या वाटा.

कुशनजवळच्या बॉलचंही इथेच कळतं. बॉल कुशनपासून वीतभर अंतरावर असेल तर अगदी हळू मारल्याशिवाय त्याला गरगरायला जागाच मिळत नाही, म्हणून तो बहुधा शॉर्ट येतो. टेबलाच्या पलीकडून येणारा बॉल मध्यम वेगातही गरगरत पोचतो आणि लाँग जातो. मी या दोघांना वर्षभर एकाच मापाने मारत होतो.

काकांनी मला जे करायला लावलं ते तुम्हीही करा. एकाच जागी खडूने बारीक टिंब काढा. मालकाला विचारून काढा, काही जणांना कापडावर खडू चालत नाही. तिथे बॉल ठेवा आणि एकाच नेमाने तीन शॉट मारा. पहिला इतका हळू की बॉल पॉकेटपाशी जेमतेम पोचेल, दुसरा मध्यम, तिसरा ब्रेकच्या निम्म्या जोराने. तिन्ही कुठे लागले तिथे कुशनवर कपटे ठेवा. माझे तीन कपटे बघून मी गप्प बसलो. पहिल्या आणि तिसऱ्यात पॉकेटचं अख्खं तोंड मावलं असतं.

यातला एक जोर निवडा आणि महिनाभर बँकेला तोच वापरा. मी मध्यमच्या थोडा वरचा घेतला, कारण हळू बॉल कापडावरचा प्रत्येक खड्डा वाचत जातो आणि चुकला तर पॉकेटच्या तोंडाशी बसून समोरच्याला भेट देतो. फार जोरात मारला की पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर. दुसऱ्या कुणाला हळूच आवडेल, त्यात चूक नाही. दोन जोरांत फिरत राहू नका एवढंच.

कट आणि साईड

बँक सरळ मिळणं क्वचितच. बहुतेक वेळा व्हाईट बाजूने येतो आणि बॉलला थोडा कट, म्हणजे मधोमध न लागता बाजूने धक्का, द्यावा लागतो. कट दिला की दोन बॉल एकमेकांना घासतात आणि रंगीत बॉलला नकळत साईड, म्हणजे बाजूची फिरकी, लागते. ती कुठली लागते ते ओळखायला काकांची खूण सोपी आहे. आघातानंतर व्हाईट कुठे जातो ते बघायचं.

बॉल कुशनवरून डावीकडे जाणार आहे असं धरा. व्हाईट त्याची वाट ओलांडून डावीकडेच गेला, तर बॉलला रनिंग साईड (जायच्या दिशेलाच ढकलणारी फिरकी) मिळते आणि बँक लाँग होते. व्हाईट उजवीकडे राहिला, म्हणजे तुम्ही बॉल डावीकडे कापलात, तर बॉलला उलटी, चेक साईड लागते आणि बँक शॉर्ट येते. शिवाय घासण्याने बॉल स्वतःच ठरल्यापेक्षा थोडा सरळ फेकला जातो, तेही शॉर्टच्याच खात्यात. बऱ्याच जणांची "एका बाजूच्या बँका पडतात, दुसऱ्या बाजूच्या पडत नाहीत" ही तक्रार यातूनच निघते. मी ती डोळ्याच्या नंबरवर ढकलली होती.

व्हाईटला मुद्दाम साईड देऊन हे निस्तरता येतं, पण माझा सल्ला आहे की जोर पक्का होईपर्यंत बँकेला साईड देऊच नका. टिप, म्हणजे क्यूचं टोक, व्हाईटच्या मधल्या उभ्या रेषेवर. मधोमध मारतोय असं वाटूनही टिप पाव इंच बाजूला पडणारे मी डझनभर पाहिलेत, स्वतःला धरून. पट्टेवाला बॉल व्हाईटच्या जागी घ्या, पट्टा उभा ठेवा आणि सरळ समोरच्या कुशनवर मारा. पट्टा डगमगला तर साईड लागतेय.

एक छोटी गोष्ट राहिली. सरळ बँकेत परत येणारा बॉल व्हाईटलाच धडकतो. त्याला किस म्हणतात आणि त्याला नेमाचा दोष देऊ नका. व्हाईटला थोडा स्क्रू (मागे आणणारी फिरकी) किंवा थोडा फॉलो (पुढे नेणारी) देऊन वाटेतून काढायचा, बस.

जुलै-ऑगस्ट

जून संपता संपता आमच्या बेसमेंटमध्ये भिंतींना घाम येतो. कापड लोकरीचं, ते हवेतला ओलावा पितं. बॉल जड चालल्यासारखा वाटतो, गरगरायला लवकर लागतो, कुशनवर जास्त चिकटतो. अशा दिवसांत माझ्या बँका आणि विशेषतः दोन-तीन कुशनच्या किका शॉर्ट पडतात. रविवारी मी कधी वाशीला मित्राबरोबर एका एसीवाल्या ठिकाणी खेळतो, तिथे कापड नवं आणि कोरडं, बॉल चकचकीत. तोच शॉट तिथे फाकतो. ट्रान्स-हार्बर लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर दोन टेबलं आणि नेमात पाव डायमंडचा फरक. पहिल्यांदा मला वाटलं होतं की शनिवारचा सगळा सराव झोपेत विसरलो.

ओलाव्याचा त्रास फक्त आपल्या खाडीकाठचा नाही. पॉकेट नसलेल्या टेबलावर तीन-कुशन बिलियर्ड्स खेळतात, त्यांची स्पर्धेची टेबलं खालून गरम ठेवतात, कापड कोरडं राहावं म्हणून. आपल्याकडे तेवढी चैन नाही, पण मार्कर संध्याकाळी कापडाला ब्रश मारून इस्त्री फिरवतात ना, त्याने बराच फरक पडतो. पावसाळ्यात इस्त्री फिरल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत टेबल घ्या. आणि दुपारी चार वाजता जमवलेला अंदाज रात्री नऊला तसाच चालेल असं धरू नका.

एकाच जागी बॉल मेल्यासारखा परत येत असेल आणि "टक्" ऐवजी "थब्ब" असा आवाज येत असेल, तर कुशनचा बोल्ट ढिला आहे किंवा रबर गेलंय. तिथे कुठलीही पद्धत चालणार नाही. मालकाला सांगा आणि तोवर ती जागा टाळा.

आता किक

किकमध्ये बरंचसं तेच, पण एक सोय जास्त आहे. बँकेत रंगीत बॉल नेहमी घसरतच निघतो, त्यावर तुमचा ताबा नाही. किकमध्ये क्यू थेट व्हाईटला लागते, म्हणून घसरण्याचा टप्पाच काढून टाकता येतो. व्हाईटच्या मध्यापासून साधारण ११ मिलीमीटर वर मारलं, म्हणजे जवळजवळ एक टिपभर, की बॉल निघताक्षणी गरगरतो. मग कुशन जवळ असो की लांब, तो एकाच स्वभावाने पोचतो. त्याहून वर गेलात तर टिप घसरेल, म्हणून आधी खडू नीट लावा. मी किका मधोमध मारायचो तेव्हा जवळच्या शॉर्ट आणि लांबच्या लाँग जायच्या. टिप वर नेल्यावर सगळ्याच थोड्या लाँग जायला लागल्या. सगळ्या एकाच बाजूला चुकत असतील तर दुरुस्ती दोन मिनिटांचं काम आहे.

कुठल्याही नव्या टेबलावर मी खेळायच्या आधी ही किक मारतो. आपल्या बाजूच्या लांब कुशनच्या नाकावर पहिल्या डायमंडसमोरची जागा आणि समोरच्या नाकावर अडीचची जागा, यांवर क्यू आडवी ठेवायची. तिच्या रेषेवर व्हाईट ठेवायचा, आपल्या कुशनपासून वीतभर आत. क्यू उचलायची आणि त्या रेषेने मारायचं. एक, अडीच, चार: व्हाईट परत येऊन आपल्या बाजूच्या मधल्या पॉकेटात गेला पाहिजे. शॉर्ट आला की लाँग आणि किती, ते बघा. जेवढा चुकला त्याच्या निम्मं कुशनवर सरकवा. तीन वेळा मारून तिन्ही वेळा तेच आलं, तर ते त्या दिवसाचं त्या टेबलाचं माप. तिन्ही वेळा वेगळं आलं, तर टेबल सोडा आणि स्वतःचा जोर बघा.

किकचा नेम जितका बारीक वाटतो तितका लागतही नाही. फक्त बॉलला स्पर्श हवा असेल तर साडेचार इंचांची रुंदी मिळते, कारण व्हाईटचं केंद्र समोरच्या बॉलच्या केंद्रापासून सव्वादोन इंचांत कुठेही असलं तरी दोघे टेकतात. फाउल होतो तो दुसऱ्या कारणाने. भीतभीत मारलेला व्हाईट बॉलला टेकतो, पण त्यानंतर काहीच कुशनला लागत नाही. नियम सांगतो की स्पर्शानंतर कुठला तरी बॉल पॉकेटात जायला हवा किंवा कुशनला लागायला हवा. नाहीतर व्हाईट समोरच्याच्या हातात.

तीन कुशनच्या किकसाठी सगळे पाचाच्या कोपऱ्याची पद्धत सांगतात. व्हाईट आपल्या कोपऱ्यात म्हणजे ५. समोरच्या लांब कुशनवर आणि आपल्या बाजूच्या लांब कुशनवर आकडे दूरच्या टोकाकडून मोजायचे. व्हाईटच्या आकड्यातून जिथे पोचायचं तो आकडा वजा केला की पहिल्या कुशनवर कुठे मारायचं ते मिळतं. पोचायचं २ वर, तर ५ वजा २, मारा ३ वर. सुंदर आहे आणि चालते. पण ती तीन-कुशन बिलियर्ड्सच्या गरम, चपळ टेबलावर जन्मली आहे, आणि त्यात रनिंग साईड गृहीत आहे, म्हणजे बॉल ज्या बाजूला वळणार त्या बाजूची. आमच्या पार्लरमधले निम्मे जण वजाबाकी बरोबर करतात आणि साईड देतच नाहीत. मग बॉल शॉर्ट आला की पद्धत भिकार. शिवाय यात नेम डायमंडच्या ठिपक्यावरच धरतात, बँकेसारखा नाकावर नाही. आधी सांगितलेल्याच्या हे बरोबर उलट आहे, आणि दोन्ही एकत्र शिकणाऱ्याचा घोळ होतो. माझा झाला. पद्धत शिकताना नेम कशावर धरायचा हे पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

१९९५ मध्ये अमेरिकेत रीनोला फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध मारलेली ती दोन कुशनची झेड-किक पाहून आलेली पोरं दर आठवड्याला येतात. येतात आणि पूर्ण ताकदीने मारतात. काका लांबून बघतात आणि हळूच म्हणतात, "त्याला विचार, किती जोराने मारायचं ते आधी ठरवलं होतं का."

माझ्या फोनमध्ये नोंदी आहेत, त्यातल्या दोन तशाच देतो. "वर्तकनगर, ऑगस्ट, दिवसभर पाऊस, इस्त्री नाही: एक-अडीच-चार पाच इंच शॉर्ट, कुशनवर अडीच इंच पुढे." "वाशी, एसी, नवं कापड: दोन इंच लाँग, एक इंच मागे." दुसऱ्या नोंदीखाली अजून एक ओळ आहे, "डाव्या बाजूचं वरचं कुशन थब्ब वाजतं, तिकडे बँक नको." पुढच्या वेळी गेलो तेव्हा बोल्ट आवळलेला होता, आणि ती जागा मला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.